कृषिदूत व कृषिकन्या यांची शेतावरील सुरक्षितता आणि तक्रारीची वाट

कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यांत येतात व शेतकऱ्याच्या शेतावर प्रत्यक्ष काम शिकतात. गावकरी त्यांना कृषिदूत व कृषिकन्या म्हणून ओळखतात. निमगाव केतकीसारख्या पानमळ्यांच्या व डाळिंबाच्या गावी त्यांना शिकण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु परक्या गावी राहणाऱ्या ह्या मुलामुलींना काही वावगे सोसावे लागल्यास त्यांनी कोणाकडे जावे, हे त्यांचे पाऊल शेतात पडण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

विद्यार्थ्याच्या कामाच्या नोंदीवर यजमान शेतकऱ्याची सही लागत असेल आणि तक्रारही त्याच्याच मार्फत जावयाची असेल, तर गुण जाण्याच्या भीतीने विद्यार्थी मुकाट राहील. म्हणून तक्रारीची वाट यजमानाच्या घरावरून नसावी. महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्याचा व एका महिला प्राध्यापिकेचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकापाशी असावा, आणि गावातील एखाद्या जाणत्या स्त्रीचे, मग ती अंगणवाडी सेविका असो वा आशा कार्यकर्ती, साहाय्य आधीच मागून ठेवावे.

जागेचाही विचार करावा. शेवरी, हादगा व पांगारा यांवर चढलेल्या वेलींनी पानमळा इतका दाट होतो की, आत कोण आहे हे बांधावरून दिसत नाही. तेव्हा वेलींची उतरण किंवा पानांची खुडणी शिकावयास विद्यार्थ्यांनी एकट्याने न जाता जोडीने जावे, व अंधार पडण्यापूर्वी परतावे. डाळिंबावरील फवारणी त्यांनी अवश्य पाहावी, मात्राही मोजावी. परंतु लाल त्रिकोणाचे औषध त्यांच्या हाती देऊ नये. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, हे विसरता येत नाही. धोक्याचे काम नाकारणाऱ्या विद्यार्थ्यास आळशी ठरवून त्याचे गुण कापणे हा अन्यायच होय.

आता कायद्याविषयी. स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याचे मूळ एका खेड्यातच आहे. राजस्थानात १९९२ साली बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका ग्रामकार्यकर्तीवर अत्याचार झाला. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि पुढे हा कायदा झाला. शेत हे कामाचे ठिकाण नव्हे, असे समजू नये. दहापेक्षा कमी माणसे राबतात तेथील तक्रार, तसेच खुद्द मालकाविरुद्धची तक्रार, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तालुक्याचा नोडल अधिकारी ती स्वीकारून सात दिवसांत समितीकडे धाडतो. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची असून सबळ कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. विद्यार्थिनीस महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडेही जाता येते. कार्यानुभवाची जागा शिक्षणसंस्थेच्या आवाराबाहेर आहे, ही सबब विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत बसत नाही. पदविकेचे पुष्कळ विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात. अशा मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्यास कळेल, त्याने पोलिसांना कळविणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. गावपातळीवरील कार्यकर्तेही त्यास अपवाद नाहीत.

खरी अडचण कायद्यात नसून पारावर आहे. "पोरीचे नाव कशाला उगाच," असे म्हणून चार वडीलधारी मंडळी प्रकरण मिटवितात, आणि पुढच्या वर्षी त्याच शेतावर दुसरी मुलगी पाठविली जाते. कायद्यानुसार समेट घडवावयाचा तर तो चौकशीपूर्वी, तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तरच, व समितीमार्फत. पैसे देऊन तर मुळीच नाही. तक्रारदाराचे नाव प्रसिद्ध करण्यासही मनाई आहे. गावात चर्चा होते ती बहुधा आपल्यासारख्या मध्यस्थांमुळेच!

यजमान शेतकऱ्यांनाही धास्ती असते की, उद्या कोणी खोटा आळ घेतला तर? समिती दोन्ही बाजू ऐकते. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. मात्र तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. शेतकऱ्याने घरातील बायामाणसांना विद्यार्थ्यांच्या येण्याजाण्याची माहिती द्यावी व कामाच्या वेळा लिहून ठेवाव्यात. ते त्याच्याही हिताचे आहे.

मुलग्यांवरील दांडगाई, जातीवरून अपमान, शिक्षणाऐवजी फुकट मजुरी करून घेणे, ह्या तक्रारीही कार्यक्रम अधिकाऱ्याने लेखी नोंदवून घ्याव्यात. चौकशी चालू असता हलवावयाचे झाल्यास विद्यार्थ्यास दुसरे शेत द्यावे, आणि त्याचे झालेले दिवस पूर्ण धरावेत. स्त्रियांसाठी १८१, बालकांसाठी १०९८ व तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लावावेत.