चित्र ‘कळत नाही’ म्हणजे काय?

मर्ढेकरांची कविता वर्गात प्रथम ऐकताना आपण सगळेच एकदा तरी पुटपुटलेलो असतो, ‘काही कळत नाही बुवा!’ सर ती पुन्हा वाचायला लावतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात काहीतरी हाती लागते. कविता कळली नाही तर ती पुन्हा वाचावी, हे आपल्याला पटलेले आहे. चित्र कळले नाही तर मात्र आपण सरळ पुढच्या चित्राकडे वळतो. असे का व्हावे? मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला दिलेल्या दोन भेटींनंतर या प्रश्नाचा जो विचार मनात आला, तो येथे मांडीत आहे.

प्रथम वास्तूविषयी थोडेसे. हे संग्रहालय म्हणजे पूर्वीचा सर कावसजी जहांगीर हॉल. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी १९११ च्या सुमारास तो बांधला. समोरचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही त्यांचेच. या सभागृहात एके काळी सभा गाजल्या, मैफली रंगल्या. पुढे मुष्टियुद्धाचे सामने आणि लग्नसमारंभही झाले. अखेर आतील रचना पूर्णपणे बदलून १९९६ मध्ये येथे संग्रहालय सुरू झाले. बाहेरून इमारत जुनी, आत मात्र एकावर एक अर्धवर्तुळाकार दालने आणि त्यांना जोडणारे जिने. चढत चढत आपण थेट घुमटाखाली पोहोचतो.

पहिल्या भेटीत आम्ही चौघे मित्र हे सगळे जिने पंचवीस मिनिटांत चढून उतरलो. प्रत्येक चित्रापुढे एकच प्रश्न विचारायचा, ‘हे कशाचे चित्र आहे?’ उत्तर मिळाले नाही की पुढे. बाहेर आल्यावर एकाने विचारले, ‘काय पाहिलंस?’ मला एकही चित्र आठवेना. त्याची लाज वाटली, आणि ती लाजच मला पुन्हा तेथे घेऊन गेली.

मधल्या काळात थोडे वाचन केले. तेव्हा एक योगायोग ध्यानात आला. मर्ढेकरांचा ‘कांही कविता’ हा संग्रह १९४७ चा. त्याच वर्षी मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला झाला व ते निर्दोष सुटले. १९५४ मध्ये समोरच्याच जहांगीर आर्ट गॅलरीत मांडलेल्या ‘लव्हर्स’ या चित्रासाठी अकबर पदमसी यांच्यावरही तसाच खटला झाला आणि तेही सुटले. नवकाव्य आणि नवचित्र ही एकाच शहरात, एकाच काळात वाढलेली भावंडे होत. मग एकाला आपण अभ्यासक्रमात मानाचे पान देतो आणि दुसऱ्याला ओळखतही नाही, हे काही बरे नव्हे.

दुसऱ्या भेटीत मी मर्ढेकरांनाच सोबत घेतले. सौंदर्यविचारात त्यांनी लयीची तीन तत्त्वे सांगितली आहेत: संवाद, विरोध आणि समतोल. वासुदेव गायतोंडे यांच्या एका मोठ्या उभ्या चित्रासमोर थांबून मी ती लावून पाहिली. दुरून एकच रंग दिसत होता. जवळ गेल्यावर त्याच रंगाच्या कितीतरी छटा एकमेकींत मिसळताना दिसल्या, हा संवाद. त्यांतून मध्येच काही गडद, तुटक आकार वर येत होते, हा विरोध. ते सगळे एका बाजूला न कलता चौकटीत तरंगत राहिले होते, हा समतोल. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाईफ वापरून रंगाचे थर चढवीत आणि काढीत, हे वाचलेले तेव्हा डोळ्यांना पटले. ‘हे कशाचे चित्र?’ हा प्रश्न दहा मिनिटांत एकदाही सुचला नाही.

परंतु ही किल्ली सर्वच कुलुपांना लागते, असे म्हणणे धाडसाचे होईल. सूझांच्या चित्रातील जाड काळ्या रेषांचा विरोध सांगता येतो. त्या रेषांतला संताप लयीच्या हिशेबात बसत नाही. आरा लहान वयात मुंबईस आले आणि घरकाम करीत, मोटारी धूत चित्रकार झाले. हे ठाऊक झाल्यावर त्यांच्या चित्रांतील साधी फुले आणि भांडी वेगळीच भासतात. चित्राचा माणसांशी आणि काळाशी असलेला हा संबंध केवळ रंगरेषांच्या हिशेबाने हाती लागत नाही. मर्ढेकर येथे अपुरे पडतात, असे माझे नम्र मत आहे. प्राध्यापकांनी ते खोडून काढावे. मला आनंदच वाटेल.

तेव्हा नवख्या प्रेक्षकाने काय करावे? माझ्या अल्प अनुभवावरून चार गोष्टी सुचवितो. चित्राशेजारची माहितीपट्टी आधी वाचू नये. प्रथम दुरून पाहावे, मग जवळ जाऊन रंग कसा लावला आहे ते पाहावे. त्यानंतर पट्टी वाचावी. विशेषतः साल वाचावे आणि त्या सुमारास आपल्या साहित्यात काय चालले होते ते आठवावे. शेवटी पुन्हा दूर जाऊन तेच चित्र पाहावे. एवढे करूनही एखादे चित्र आवडले नाही, तर तसे स्पष्ट म्हणण्याचा अधिकार आपण कमावलेला असतो.

येथील प्रदर्शने बदलत असल्याने मी पाहिलेले चित्र तुम्हांला दिसेलच असे नाही. त्याने काही बिघडत नाही. आपल्या वाङ्मय मंडळाने पुढची सहल येथेच न्यावी, सोमवार तेवढा टाळावा, कारण त्या दिवशी संग्रहालय बंद असते. प्रत्येकाने एकच चित्र निवडावे, त्यासमोर अर्धा तास बसावे आणि दहा ओळी लिहून आणाव्यात. पुढील अंकासाठी संपादकांना मजकूर कमी पडणार नाही.