क्लचचा पाय

वैशाखरे आणि आसपासच्या वाड्यांतली भेंडी-काकडी रात्री भरायची आणि उजाडायच्या आत कल्याणच्या बाजारात उतरवायची, हा माझा धंदा. पिकअप माझी, हप्ता माझा, चालवणाराही मीच. 2024 च्या पावसाळ्यात ताडपत्रीचा दोर आवळताना घसरून पडलो आणि डाव्या पायाची नळी मोडली. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. साडेचार महिने गाडी दारात उभी होती. त्या दिवसांत विम्याबद्दल जे शिकलो, ते असं:

1. दवाखान्याचं बिल वेगळं आणि बुडालेली कमाई वेगळी. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं. रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण गाडीचा हप्ता कोणतीच आरोग्य योजना भरत नाही.

2. पॉलिसीत ‘अपंगत्व’ कशाला म्हटलंय ते सही करण्याआधी वाचा. माझ्या खात्यातून दर वर्षी प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे 20 रुपये कटायचे. गाडीच्या विम्यातही मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघाती संरक्षण होतं. दोन्ही कागद घेऊन बँकेत गेलो, तेव्हा कळलं की हे पैसे मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला मिळतात. सुरक्षा विम्यात एक पाय कायमचा निकामी झाला तर 1 लाख, दोन्ही गेले तर 2 लाख. माझा पाय मोडला होता, गेला नव्हता. त्या दिवशी कुबड्यांवर घरी येताना पाय वाचल्याचा आनंदसुद्धा नीट वाटेना. तरीही 20 रुपयांचा विमा बंद करू नका. 31 मेच्या आसपास खात्यात तेवढे पैसे ठेवाच.

3. आपल्यासारख्यांना लागतो तो तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचा आठवडी भत्ता. तो खासगी वैयक्तिक अपघात पॉलिसीत मिळतो, बहुतेकदा जादा प्रीमियम भरून. साधारण विमा रकमेच्या 1 टक्का दर आठवड्याला, कमाल 100 आठवडे, पण त्यावर कंपनीची वरची मर्यादा असते, ती विचारा. भत्ता ठरतो कमाईच्या पुराव्यावर. माझा हिशोब वहीत होता, आयकर विवरणपत्र कधी भरलंच नव्हतं. आता दर वर्षी भरतो. आणि ही पॉलिसी अपघातापुरतीच; कावीळ होऊन महिनाभर पडलात, तर तिचा उपयोग नाही.

4. फुले योजनेतलं रुग्णालय आधीच माहीत हवं. मला घाईत नेलं ते योजनेत नव्हतं. पहिल्या रात्रीचे पैसे रोख गेले. योजनेतल्या रुग्णालयात हलवल्यावर तिथल्या योजनेच्या मदतनीसाने, म्हणजे आरोग्यमित्राने, सगळी कागदपत्रं लावून दिली.

5. ‘कामावर जाऊ नये’ असं डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या. भत्ता त्याच कागदावर मिळतो.

6. त्या साडेचार महिन्यांत घर बायकोने चालवलं. लावणी, भाजीची तोडणी, वर माझं अंथरूण. नवी पॉलिसी घ्यायला बसलो, एजंटने कमावत्याचं नाव विचारलं आणि मी माझं एकट्याचंच सांगितलं. ती चहा ठेवत म्हणाली, “अहो, मी पडले असते तर?” एजंटला थांबवलं. आता दोघांच्याही नावाची पॉलिसी आहे. तिच्या कमाईचा कागद नाही म्हणून तिची रक्कम लहान आहे, आणि ते मला अजून सलतं.