वाढते वजन : एका बांधावरचे काम नव्हे

ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा याखेरीज दुसरे काही वाचायची आपल्याला सवय नाही. या अंकात मात्र आम्ही उसाच्या वजनाविषयी नव्हे, ऊस पिकविणाऱ्याच्या वजनाविषयी लिहिणार आहोत. विषय खात्याबाहेरचा आहे खरा. पण पीक पाहणीला बांधावर गेल्यावर जे सभासद भेटतात, त्यांतले कितीतरी जण गुडघ्याला पट्टा बांधून आणि खिशात शुगरच्या गोळ्या ठेवून येतात. काहींची तर अजून चाळिशीही उलटलेली नसते. शेअर नावावर आहे, ऊस उभा आहे, आणि धन्याला सरीतून चालवत नाही, असे चित्र असेल तर एकरी टनेज वाढवून करायचे काय?

२०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या राज्यात चार स्त्रियांमागे जवळजवळ एक आणि चार पुरुषांमागे एक जादा वजनाचे आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा देशव्यापी अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पोट सुटलेल्यांचे प्रमाण प्रौढांत ३९.५ टक्के निघाले. आपल्या लोकांची ठेवण अशी की हातपाय बारीक आणि चरबी पोटावर. म्हणून आपल्याकडे मापही कडक धरतात. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे वजन ६५ किलोच्या पुढे गेले की ते जादा समजावे आणि ७० च्या पुढे स्थूलता. ‘खात्यापित्या घरचा आहे’ म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, तो बहुधा या रेषेच्या पलीकडे उभा असतो.

हे झाले कशाने? लोक खादाड झाले, आळशी झाले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. पूर्वी रात्रीचे दारे धरायला अनवाणी जावे लागे, खत डोक्यावरून वाहावे लागे. आता मोटार मोबाईलवरून सुरू होते, ठिबकचा कॉक फिरवला की पाणी, नांगरट-भरणी ट्रॅक्टरने, तोडणी टोळीने नाहीतर हार्वेस्टरने. यात वाईट काही नाही, कष्ट कमी व्हावेत म्हणूनच आपण हे सारे केले. पण ताट मात्र बैलाच्या मागे चालणाऱ्या माणसाचेच राहिले. वर फरसाण, वडापाव, बाटलीतली थंड पेये यांची भर पडली. आवक तेवढीच, उलट जादा, खर्च निम्म्यावर. शिल्लक राहते ती पोटावर.

इथे आहारतज्ज्ञाचे काम सुरू होते. आहारतज्ज्ञ म्हणजे ‘हे बंद, ते बंद’ अशी यादी देणारा माणूस, असा समज आहे. तो खरा नाही. माती परीक्षणाशिवाय आम्ही खताची शिफारस करीत नाही. आणि आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र सांगतो तर सुरू उसाला २५०. सगळ्यांना एकच मात्रा चालत नाही. चांगला आहारतज्ज्ञही आधी विचारतो : काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेले? चहा किती वेळा? भाकरी केवढी, हाताएवढी की ताटाएवढी? तेलाचा डबा किती दिवस जातो? मग त्याच चुलीवर, त्याच पैशात काय बदलता येईल ते सांगतो.

तेलाचाच हिशोब करून बघा. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा दोन महिन्यांत संपत असेल, तर माणशी रोज ५० ग्रॅम तेल झाले. म्हणजे नुसत्या तेलातूनच ४५० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत २००० कॅलरीच्या दिवसाला तेल साधारण याच्या निम्मे, धान्य २५० ग्रॅमच्या आसपास आणि भाजी मात्र ४०० ग्रॅम सांगितली आहे. आपल्याकडे गणित बरोबर उलटे आहे. भाकरी-भाताचा ढीग, आणि भाजी तोंडी लावण्यापुरती. ज्यांच्या शेतात बारा महिने पाणी आहे त्यांच्या घरी भाजी शुक्रवारच्या बाजारातून यावी, हे आम्हाला आजवर कळलेले नाही. पाटाच्या कडेला दोन गुंठे मेथी, दोडका, गवार निघाली तर उसाचे टनेज काही पडत नाही.

आता साखरेकडे येऊ. साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखर कमी खा म्हणून लिहिता, असे कोणी विचारील. विचारावेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ च्या आत असेल तर अधिक बरे. चहाच्या कपात दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम. गावात दिवसाकाठी सहा कप सहज होतात. ६० ग्रॅम तिथेच संपले, बिस्किट वेगळे. चौघांच्या घराला ५० ग्रॅमच्या हिशोबाने महिन्याला ६ किलो ही कमाल झाली, आणि २५ च्या हिशोबाने ३ किलो पुरे. सभासद साखर हा आपला हक्क आहे, तो कोणी सोडू नये. पण कोटा आला म्हणून तेवढी खाल्लीच पाहिजे असा काही पोटनियम नाही. कारखान्याची मदार आपल्या चहावर नाही. आणि ‘आम्ही गूळच खातो’ म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. गुळाची कॅलरी साखरेच्या जवळपासच आहे.

वजन किती उतरवायचे? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. वजन ७ टक्क्यांनी कमी करणे आणि आठवड्याला अडीच तास चालण्यासारखा व्यायाम करणे, एवढेच ध्येय होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८० किलोच्या माणसाला हे साडेपाच किलो होतात. पैलवानासारखे अंग करायला कोणी सांगत नाही.

पण एवढे कळूनही एकट्याने ते निभत नाही, आणि आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. हुमणीचे उदाहरण घ्या. पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे जमतात. ते एकट्या शेतकऱ्याने झाडून रॉकेलच्या पाण्यात टाकले तर शेजारच्या बांधावरचे रात्रीतून येतात. साऱ्या शिवाराने एका वेळी गोळा केले तरच हुमणी हटते. वजनाचे तसेच आहे. आहारतज्ज्ञाने चहा कमी करा म्हणून सांगितले. तो माणूस पाच घरी गेला. ‘एक घोट तरी घ्या, आमच्या घरचा नको का?’ म्हणून पाच कप झाले. नाही म्हणावे तर मान जातो. त्याला चाला म्हणून सांगितले; हंगामात रस्त्यावर डबल ट्रेलरची रांग, रस्त्याला दिवा नाही, बाईमाणसाने अंधारात चालायचे कुठे? हे आहारतज्ज्ञाच्या हातातले नाही, गावाच्या हातातले आहे.

गाव मनावर घेते तेव्हा काय होते, याचे एक उदाहरण फ्रान्समधले आहे. उत्तर फ्रान्सचा तो मुलूखही साखरेचाच, फक्त उसाऐवजी बीटाचा. तिथे फ्लरबे आणि लाव्हांती ही दोन लहान गावे आहेत. (लाव्हांतीजवळच नव शापेल येथे पहिल्या महायुद्धात पडलेल्या भारतीय जवानांचे स्मारक आहे, म्हणजे तो भाग आपल्याला अगदीच परका नाही.) १९९२ साली तिथल्या शाळांत आहाराचे धडे सुरू झाले. नुसत्या धड्यांनी लगेच फरक पडला नाही, पोरांची वजने सुरुवातीला वाढतच राहिली. मग हळूहळू सारे गाव त्यात आले. आहारतज्ज्ञ नेमले, खेळाच्या सोयी झाल्या, चालत शाळेत येण्याचे दिवस ठरले, डॉक्टर आणि दुकानदारही सामील झाले. २००४ मध्ये मोजले तेव्हा या गावांत जादा वजनाची मुले ८.८ टक्के होती, आणि ज्यांच्याशी तुलना केली त्या गावांत १७.८ टक्के. हा दोन लहान गावांचा हिशोब आहे, त्यावरून साऱ्या जगाचा निकाल लावू नये. पण बारा वर्षे चिकाटीने केलेले काम आहे, आणि त्याच वर्षी फ्रान्समधील आणखी दहा गावांनी तोच कित्ता घेतला.

आपल्याकडे नव्याने उभारायचे फारसे काही नाही. तिशी ओलांडलेल्यांचा जो आरोग्याचा फॉर्म आशाताई भरून घेतात त्यात कमरेचा घेर असतोच. अंदाजाने न सांगता टेप लावून द्यावा. शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या आत जादा तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० सालीच केला आहे. ग्रामपंचायतीने तो फाटकाबाहेरच्या टपरीला समजावून सांगावा, टपरीवाल्याचे पोट न मारता. शेंगदाणे, उकडलेली कणसे, पेरू तोही विकू शकतो. पाटकडेचा रस्ता मुरूम टाकून चालण्याजोगा करणे आणि शाळेचे मैदान संध्याकाळी दिवा लावून उघडे ठेवणे, हे सोसायटीच्या बैठकीत ठरू शकते. दूध संस्थेत आणि आमच्या गट कार्यालयात चहा बिनसाखरेचा करून साखर बाजूला ठेवावी, ज्याला हवी त्याने घालावी. यात कोणाचा मान जात नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. याच पाहणीत राज्यातल्या पाच स्त्रियांमागे एक कमी वजनाची निघाली आहे. आपल्याच फडात कोयता चालविणाऱ्या टोळीतल्या बाईला ‘कमी खा’ सांगणे हा अन्याय होईल. तिला आणि तिच्या लेकरांना डाळ, अंडी, दूध जादा मिळायला हवे. म्हणून सरसकट फलक लावण्यापेक्षा माणूस बघून सल्ला देणारा आहारतज्ज्ञ गावात यावा, अशी आमची खटपट आहे.

ज्या बचत गटांना किंवा सोसायट्यांना असा कार्यक्रम हवा असेल त्यांनी किमान वीस नावे गट कार्यालयात द्यावीत. प्रत्येकाने आदल्या दिवशी खाल्लेल्याची टिपण आणि घरचा तेलाचा डबा किती दिवस पुरतो ते लिहून आणावे. घेर मोजताना श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावी. विजारीच्या नाडीवर धरली तर माप खोटे येते.