आजारपणाची उचल

कोणत्याही समाजात माणसे आजारी पडतात, औषधपाणी होते आणि त्याचा खर्च कोणीतरी सोसतो. हा ‘कोणीतरी’ कोण, या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आरोग्यसेवेचे अर्थशास्त्र होय. पाठ्यपुस्तकांत या खर्चाचे तीन मार्ग सांगितलेले असतात. शासनाने करांच्या उत्पन्नातून खर्च करणे हा पहिला, अनेकांनी हप्ते भरून विम्याच्या रूपाने जोखीम वाटून घेणे हा दुसरा, आणि रोग्याने स्वतःच्या खिशातून पैसे मोजणे हा तिसरा. आपल्या पाटोदा तालुक्यात मात्र चौथाही मार्ग रूढ आहे. तो म्हणजे मुकादमाकडून उचल घेणे. प्रस्तुत लेखात याच मार्गाचा विचार करावयाचा आहे.

तत्त्व आणि व्यवहार

पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. त्यात कामगार व मालक दोघेही हप्ता भरतात आणि आजारपणाच्या काळात कामगाराला उपचारांबरोबर बुडालेल्या मजुरीचा काही भागही मिळतो. परंतु ही सोय संघटित क्षेत्रापुरती राहिली. फडात ऊस तोडणारा मजूर तिच्याबाहेरच राहिला.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांनी थेट खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. मात्र खिशात पैसा नसेल तर तो कोठून येतो, हे या आकड्यांवरून समजत नाही. त्यासाठी बालाघाटाच्या माथ्यावरील गावांतच यावे लागते.

कोयता आणि खाडा

आपल्या भागात पाऊस कमी, जमीन हलकी. दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. आपल्या महाविद्यालयातील कित्येकांचे आईवडील हंगामात कोपीवर राहतात, हे येथे वेगळे सांगावयास नको. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो आणि ती तोडलेल्या उसातून फेडावयाची असते. दोघांपैकी एक जरी कामावर आला नाही तरी खाडा धरला जातो आणि तेवढी रक्कम हिशोबातून वजा होते.

म्हणजे आजारपणाची किंमत येथे दुहेरी आहे. एकीकडे डॉक्टर व औषधांचा खर्च, दुसरीकडे बुडालेली मजुरी आणि वर खाडा. खिशात पैसा नसल्यामुळे दोन्ही रकमा उचलीत मिसळतात आणि पुढच्या हंगामाच्या श्रमातून वसूल होतात. थोडक्यात, मजूर आपले उद्याचे शरीर गहाण ठेवून आजच्या शरीराचा इलाज करतो.

याचा परिणाम किती भयंकर होतो ते २०१९ साली साऱ्या राज्याने पाहिले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढली गेल्याचे आढळले. म्हणजे शंभरांत जवळपास सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील हे प्रमाण शंभरांत सुमारे तीन होते. पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, कोपीपाशी पाणी व आडोसा नाही, साध्या दुखण्यावर वेळीच इलाज नाही. अशा स्थितीत ‘एकदाची पिशवी काढून टाकू, खाडे तरी वाचतील’ हा विचार बाईच्या मनात येतो. तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु तिचा हिशोब चुकीचा नव्हता. तिच्यापुढे मांडलेली व्यवस्थाच चुकीची होती.

योजनांची मर्यादा

राज्यात जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली व पुढल्या वर्षी ती सर्वत्र लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. हृदयाची किंवा कर्करोगाची शस्त्रक्रिया गरिबाला परवडू लागली, हे या योजनांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारही निःशुल्क झाले. परंतु विमा प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झालेल्याचा खर्च भरतो. अंगावर काढलेला ताप, कंबरदुखी, आणि मुख्य म्हणजे बुडालेला रोज यांचा भार मजुरावरच राहतो.

आफ्रिकेचा धडा

हा प्रश्न केवळ आपलाच नव्हे. आफ्रिका खंडातील देशांनी तो अनेक प्रकारे सोडवून पाहिला आहे. १९८७ साली मालीची राजधानी बामाको येथे औषधांचे पैसे लोकांकडून घेऊन दवाखाने चालविण्याचे धोरण ठरले. जेथे जेथे शुल्क आले, तेथे गरीब मागे राहू लागला. म्हणून युगांडाने २००१ साली सरकारी दवाखान्यांतील शुल्क रद्द केले. गरिबांची गर्दी वाढली. पण औषधे संपली की ती बाहेरून विकत आणावी लागत. शुल्क गेले, खर्च राहिलाच. घानाने २००३ साली कायदा करून वस्तू व सेवांवर अडीच टक्के खास अधिभार बसविला व तो राष्ट्रीय आरोग्य विम्याकडे वळविला. रवांडात गावपातळीवरील विम्याचा हप्ता कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे ठरतो आणि अतिगरिबांचा हप्ता शासन भरते. २००१ साली अबुजा येथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अंदाजपत्रकाचा १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करण्याचा संकल्प सोडला. तो पाळणारे देश थोडेच निघाले. आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे उद्दिष्ट ठेवले होते. तेही गाठता आले नाही.

उपाय

घानाच्या अधिभारासारखी एक तरतूद आपल्याकडेही झाली आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे दहा रुपये द्यावेत आणि शासनाने तितकीच भर घालावी, असे ठरले आहे. हा पैसा कशावर खर्च व्हावा, हाच खरा प्रश्न आहे. माझ्या मते त्यातून प्रथम दोन गोष्टी व्हाव्यात. आजारी मजुराला, आणि पाळीच्या दिवसांत बाईला, रजेच्या दिवसाचा रोज मिळावा व खाडा बंद व्हावा. आणि कोप्यांच्या तळावर फिरता दवाखाना औषधांसह यावा. रोजाची हमी मिळाली तर दुखणे अंगावर काढण्याचे कारण उरणार नाही, आणि लहान दुखणे वेळीच बरे झाले तर मोठ्या शस्त्रक्रियेची पाळीही क्वचितच येईल.

अर्थशास्त्राचे आपण विद्यार्थी उद्या ग्रामपंचायतीत, शाळेत, कचेरीत बसणार आहोत. ज्या दिवशी आपल्या तालुक्यातील माणूस आजारपणासाठी मुकादमाच्या दारात जाणार नाही, त्या दिवशीच १९४६ साली मांडलेले ते तत्त्व बालाघाटाच्या माथ्यावर पोहोचले, असे म्हणता येईल.