संगणक-मंडळे : दुरुस्तीच्या विद्येतील सहकार

विहिरीवरचा पंप बंद पडला तर त्याचे अंतरंग जाणणारा कोणीतरी गावात असतो. शिवणयंत्राचा टाका सुटू लागला तर शेजारच्या अनुभवी गृहिणीला विचारता येते. संगणकाच्या बाबतीत ही सोय अद्याप सर्वत्र निर्माण झालेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाराचा उतारा, परीक्षेचे प्रवेशपत्र, दुकानाचा हिशेब ही कामे आज बहुतांशी संगणकावर होतात. त्यामुळे संगणक अडला की माणसाचे कामही अडते, आणि कामाला तर मुदत असते. अशा वेळी अनेक जण गोंधळून जातात, हाती येईल ती कळ दाबतात आणि लहानसा दोष मोठा करून ठेवतात.

या अडचणीवर गेल्या पन्नास वर्षांत एक साधा उपाय सिद्ध झालेला आहे. तो म्हणजे संगणक वापरणाऱ्यांनी ठरावीक दिवशी एकत्र जमणे, आपापल्या अडचणी मांडणे आणि त्या मिळून सोडविणे. अशा मंडळांचा उगम कसा झाला, त्यांच्या बैठकी कशा चालत आणि त्यांतून दुरुस्तीची कोणती रीत आपल्याला घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गॅरेजमधील पहिली बैठक

जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० या लहान संगणकाचे चित्र झळकले. तो सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने विकत मिळे. ग्राहकाने ते भाग स्वतः सोल्डर करून जोडावयाचे, अशी योजना होती. त्याला कळफलक नव्हता, पडदाही नव्हता. होत्या त्या केवळ खटक्यांच्या व दिव्यांच्या ओळी. मूळ संचातील स्मृती अवघी २५६ बाइट होती. आज आपण मोबाइलवरून पाठवितो तो चार ओळींचा मराठी निरोपही तीत मावला नसता.

असे यंत्र एकट्याने जोडणे आणि चालविणे कठीणच होते. म्हणून ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली. फ्रेंच व फ्रेड मूर हे तिचे निमंत्रक होते. हेच पुढे ‘होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब’ या नावाने प्रसिद्धीस आले. उपस्थितांची संख्या वाढत गेल्यावर बैठकी स्टॅनफर्ड येथील कण-प्रवेगक केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या आणि त्यांचे सूत्रसंचालन ली फेल्सेनस्टाइन हे अभियंते करू लागले.

या बैठकींची रचना आजही अनुकरणीय आहे. एका भागात कोणीही उभे राहून आपल्याजवळ काय आहे, आपले काय अडले आहे आणि आपण काय देऊ शकतो, हे थोडक्यात सांगे. त्यामुळे कोणत्या प्रश्नाचा जाणकार कोठे बसला आहे, याचा जणू नकाशाच सर्वांच्या मनात तयार होई. दुसऱ्या भागात सर्वांना मोकळीक असे. ज्याला ज्याच्याशी काम, त्याने त्याला गाठावे. पहिल्या भागाशिवाय दुसऱ्या भागाची गर्दी व्यर्थ ठरली असती.

त्याच वर्षीच्या एका बैठकीत स्टीव्ह डॉम्पियर या सदस्याने आपले आल्टेअर यंत्र आणले. यंत्र चालू असताना जवळच्या रेडिओत खरखर उमटते, हे त्याने हेरले होते. दुसऱ्या कोणी रेडिओ दूर नेऊन ठेवला असता. डॉम्पियरने आज्ञावलीतील क्रमाप्रमाणे खरखर कशी बदलते याचा अभ्यास केला आणि बैठकीत त्या रेडिओतून चक्क एक गाणे वाजवून दाखविले! यंत्राच्या विचित्र वागण्याकडे त्रासून न पाहता कुतूहलाने पाहावे, हा दुरुस्तीच्या विद्येतील पहिला धडा होय.

याच मंडळात स्टीव्ह वॉझनियाक यांनी आपल्या नव्या संगणकाच्या मांडणीचे आराखडे सहकाऱ्यांना मोफत वाटले. तोच संगणक १९७६ मध्ये ‘अॅपल-१’ म्हणून बाजारात आला. याच वर्षी वादाचा प्रसंगही उद्‌भवला. बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी संगणकप्रेमींना अनावृत पत्र लिहून, आपली ‘बेसिक’ आज्ञावली मूल्य न देता नकलून घेतली जात असल्याची तक्रार केली. ज्ञान वाटून घेणे आणि दुसऱ्याचे विक्रीचे काम परवानगीवाचून नकलणे यांत भेद आहे. तो आजच्या मंडळांनीही पाळला पाहिजे.

होमब्र्यू मंडळाच्या बैठकी १९८६ पर्यंत चालू राहिल्या. दरम्यान १९७७ मध्ये जोनाथन रोटेनबर्ग या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलाच्या पुढाकाराने ‘बॉस्टन कॉम्प्युटर सोसायटी’ उभी राहिली आणि १९९६ पर्यंत तिने कार्य केले. १९९१ मध्ये लिनक्स ही मुक्त प्रणाली अवतरल्यानंतर तिच्या वापरकर्त्यांची मंडळे जगभर आणि भारतातही स्थापन झाली. नवागताने आपला संगणक घेऊन यावे आणि जाणकारांनी त्यावर प्रणाली बसवून द्यावी, असे मेळावे ही त्यांची खासियत ठरली.

बिघाड सांगावा कसा?

मंडळाच्या बैठकीत अर्धी दुरुस्ती प्रश्न नीट मांडण्यानेच होते. ‘माझा संगणक चालत नाही’ या वाक्यातून काहीही निष्पन्न होत नाही. आपण नेमके काय करीत होतो? पडद्यावर कोणता संदेश आला? पूर्वी यंत्र नीट चालत होते त्यानंतर कोणता बदल झाला? आणि तेच पुन्हा केले असता तोच दोष पुन्हा दिसतो काय? या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून आणावीत. संदेश शब्दशः उतरून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र काढावे.

दोष शोधताना एका वेळी एकच बदल करावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर कोणत्या बदलाने ते सुधारले हे कळत नाही. संशयित भागाच्या जागी खात्रीचा चांगला भाग लावून पाहणे ही जुनी व निर्दोष कसोटी आहे. मंडळाचा खरा उपयोग येथेच होतो, कारण एकट्याच्या घरी दुसरा कळफलक वा दुसरी तार नसते, दहा जणांच्या बैठकीत ती हमखास असते.

प्रत्येक बिघाडाची नोंद वहीत ठेवावी. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क-२’ या संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग अडकलेला सापडला, तेव्हा तेथील तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. म्हणूनच ती हकिकत आजही आपल्याला ठाऊक आहे.

नेहमीचे काही दोष

यंत्र सुरूच होत नसेल तर प्रथम भिंतीवरील जोडणी, तार आणि पडद्याचा स्वतंत्र खटका तपासावा. यंत्र उघडण्यापूर्वी वीजजोडणी काढलीच पाहिजे. वीजपुरवठ्याची पेटी किंवा यूपीएस मात्र घरी मुळीच उघडू नये, कारण जोडणी काढल्यावरही त्यांत धोकादायक विद्युत्‌भार शिल्लक असू शकतो.

सुरू करताना यंत्र केवळ शिट्ट्या वाजवीत असेल आणि पडदा काळाच राहत असेल, तर पुष्कळदा स्मृतीची पट्टी खाचेत सैल झालेली असते. धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर विद्युत् घालवावी, पट्टी काढून तिची सोनेरी टोके मऊ रबराने हलकेच पुसावीत व पट्टी पुन्हा घट्ट बसवावी. यंत्र काही मिनिटांनी आपोआप बंद पडत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. पंख्यात साचलेली धूळ मऊ कुंचल्याने काढताना पाती बोटाने धरून ठेवावीत.

एक दोष फार फसवा आहे. समजा, अर्जाच्या अखेरच्या दिवशी विद्यार्थिनीला शासकीय संकेतस्थळ उघडता येत नाही आणि पडद्यावर सुरक्षेची सूचना येते. दोष संकेतस्थळाचा वा इंटरनेटचा असेल असे वाटते. प्रत्यक्षात संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपल्यामुळे त्याचे घड्याळ अनेक वर्षे मागे गेलेले असू शकते. सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीपुरते वैध असते, त्यामुळे चुकीच्या तारखेच्या यंत्राला ते अवैध वाटते. तारीख दुरुस्त केली की अर्ज भरता येतो. बॅटरी सवडीने बदलावी.

मराठी मजकुराच्याही काही खास अडचणी आहेत. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो. त्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरे वेगळीच असतात, केवळ त्यांचे रूप मराठी असते. असा मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा आणि नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग, हा भेद टंकनात राखता येत नाही अशी तक्रार अनेक जण करतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘र’ ची कळ दाबावी, नंतर हलन्त व नंतर ‘य’ द्यावा, म्हणजे ‘ऱ्य’ उमटतो.

प्रत आणि सावधगिरी

तबकडीतून टकटक असा आवाज येऊ लागला तर दुरुस्तीचे प्रयोग थांबवावेत आणि उपलब्ध असेल तेवढी माहिती त्वरित दुसरीकडे उतरवून घ्यावी. यंत्र पुन्हा विकत घेता येते, दहा वर्षांचे हिशेब वा घरातील छायाचित्रे विकत घेता येत नाहीत. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर, हा नियम सर्वांनी अंगी बाणवावा.

एकाकी वापरकर्त्याला आणखी एक धोका संभवतो. आपण एखाद्या कंपनीचे प्रतिनिधी असल्याचे भासवून, संगणकाचा ताबा दुरून मागणारे आणि खात्यातील पैसे लांबविणारे भामटे वाढले आहेत. अपरिचिताला असा ताबा कधीही देऊ नये. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ज्याचा चेहरा आपण ओळखतो असा गावातील जाणकार ही या धोक्यावरील उत्तम ढाल आहे.

आपल्या गावी प्रारंभ

महाराष्ट्रात २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लक्षावधी लोकांना संगणकाची ओळख करून दिली. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना शासकीय मान्यतेची व अनुदानाची चौकट लाभली. या दोहोंची सांगड घातली तर मंडळास लागणारी माणसे आणि जागा आपल्याजवळ आहेतच. महिन्यातील एक निश्चित दिवस, वाचनालयातील एक खोली, एक नोंदवही, काही पेचकस, जादा तारा आणि एक कुंचला एवढ्या साहित्यावर आरंभ करता येईल. दुरुस्तीच्या वेळी यंत्राचा मालक शेजारी असावा आणि त्याने परवलीचा शब्द कोणालाही न सांगता स्वतः टंकावा, हे दोन नियम प्रथमपासून पाळावेत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला. शाळा-कार्यालयांतील अनेक चांगली यंत्रे त्यामुळे जुनी ठरली आहेत. ती भंगारात टाकण्यापूर्वी त्यांवर लिनक्स बसवून ती आणखी काही वर्षे उपयोगात आणता येतील काय, हे पाहणे अशा मंडळाचे पहिले विधायक कार्य ठरू शकेल.

पाणी, दूध आणि ऊस यांच्या बाबतीत महाराष्ट्राने सहकाराचा मार्ग स्वीकारला. दुरुस्तीचे ज्ञान वाटल्याने कमी होत नाही, उलट वाढते. म्हणून तेथे हा मार्ग अधिकच सुकर आहे. आज ज्याचा संगणक मंडळात दुरुस्त झाला, तो पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या शेजारी बसून त्याला तीच रीत दाखवू लागला, म्हणजे मंडळाचे कार्य सुरू झाले असे समजावे.