प्रोस्टेटची गाठ आणि चुंबकाचे यंत्र

मंडळी, हा धडा पुरुषांच्या एका दुखण्याविषयी आहे. पण बायांनीही तो वाचावा. घरातला म्हातारा रात्रीतून चारपाच वेळा लघवीला उठतो, हे आधी त्यांनाच कळते. तो स्वतः बोलत नाही. लाजतो. "वय झालं, चालायचंच," म्हणतो.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. ती अक्रोडाएवढी असते. लघवीची नळी तिच्यामधून जाते. उतारवयात पुष्कळांची ही ग्रंथी फुगते. मग नळी दबते, धार बारीक होते. हे नुसते फुगणे म्हणजे कर्करोग नव्हे. पण त्याच ग्रंथीत कर्करोगही होतो, आणि सुरवातीला तो दुखत नाही की खुपत नाही. मग ओळखायचा कसा?

डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात. रक्तातले पी.एस.ए. मोजतात. ते वाढले म्हणजे कर्करोगच असे नाही. ग्रंथी सुजली तरी ते वाढते. पूर्वी ते वाढले की सुया घालून ग्रंथीचे दहाबारा बारीक तुकडे काढीत. सुई अंदाजानेच जाई. पाणी कुठे आहे ते न पाहता शेतात दहा ठिकाणी बोअर मारावी, तसे ते होते. गाठ हुकली की माणूस निर्धास्त होऊन घरी जाई, आणि रोग आत वाढत राही.

आता पुष्कळ ठिकाणी आधी एम.आर.आय. काढतात. हे यंत्र म्हणजे मोठे लोहचुंबक. मधे बोगदा असतो, त्यात माणसाला निजवतात. आवाज ठोकाठोकीसारखा मोठा येतो, पण दुखत काही नाही. यात क्ष-किरण नसतात. आपल्या अंगात पाणी पुष्कळ. चुंबकाच्या जवळ रेडिओच्या लहरी सोडल्या की त्या पाण्यातले कण खुणा देतात. त्या खुणांवरून चित्र उमटते. या शोधाबद्दल लॉटरबर व मॅन्सफील्ड या दोघांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रोस्टेटसाठी तीन तऱ्हेची चित्रे काढतात. पहिल्यात ग्रंथीची ठेवण दिसते. तिचा बाहेरचा निरोगी भाग उजळ दिसतो, गाठ काळसर. दुसरे चित्र आम्हांला फार नवलाचे वाटते. त्यात पाणी किती मोकळे हलते ते कळते. बाजाराच्या दिवशी गर्दीत पाऊल टाकता येत नाही, एरवी त्याच रस्त्याने माणूस सरळ जातो. कर्करोगात पेशींची अशीच दाटी होते, आणि पाणी अडून राहते. तिसऱ्या चित्रासाठी शिरेतून औषध देतात. गाठीत ते लवकर भरते. काही ठिकाणी हे तिसरे चित्र गाळतात.

चित्रे पाहून डॉक्टर १ ते ५ असा आकडा देतात. १ म्हणजे शंका फारच थोडी, ५ म्हणजे दाट. ४ किंवा ५ आला तर संशयाच्या जागीच सुई घालून तुकडा काढतात.

ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर ही परीक्षा झाली. २०१७ साली तिचा निकाल छापला. ज्यांना धोक्याचा कर्करोग होता, अशा १०० पैकी ९३ जणांत एम.आर.आय.ने संशय दाखवला. अंदाजाच्या सुईने ४८ जणच सापडले. मात्र हे यंत्र कित्येकदा उगीचच शंका घेते. म्हणून तुकडा तपासल्यावाचून कर्करोग म्हणत नाहीत.

तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाची प्रत ठरते. तिचे गटही १ ते ५ असेच असतात. इथे लोकांचा घोटाळा होतो. चित्राचा आकडा शंकेचा, तुकड्याचा आकडा रोगाच्या जोराचा. कागदावर ५ पाहून घाबरण्याआधी तो कशाचा, हे डॉक्टरांना विचारावे. पहिल्या गटाचा रोग बहुधा सावकाश चालतो. पुष्कळदा तो कापीत नाहीत. ठरल्या वेळी रक्त व एम.आर.आय. तपासून नजर ठेवतात.

या यंत्राच्या खोलीत लोखंड नेऊ नये. चुंबक सदा चालूच असते. २०१८ साली मुंबईतल्या एका इस्पितळात रोग्याबरोबर आलेला एक माणूस प्राणवायूची टाकी घेऊन आत गेला. टाकीसकट तो यंत्राकडे ओढला गेला, आणि दगावला. अंगात पेसमेकर, धातूची पट्टी किंवा डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला असेल, तर आधीच सांगावे. मूत्रपिंड कमजोर असेल तर तेही सांगावे, कारण शिरेतले ते औषध मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते.