वेदनाशामक गोळी : गुण आणि दोष
अंजनेरी उतरताना पाय मुरगळला की आपण डायक्लोफेनॅकची गोळी घेतो. याच अंजनेरीच्या कड्यांवर राहणाऱ्या गिधाडांच्या कुळावर हे औषध काळ होऊन आले. ते टोचलेल्या जनावरांचे मृत मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

माणसाला ते सोसते, पण फुकट नव्हे. वेदना वाढविणारी प्रोस्टाग्लँडिन द्रव्येच जठराचे अस्तर जपतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. गोळी ती सरसकट रोखते. जळजळ होते ती यामुळेच. म्हणून गोळी जेवणानंतर, डॉक्टरांनी सांगितली तितकेच दिवस घ्यावी. मनाने दुसरी जोडू नये. शौचास काळे झाले किंवा लघवी कमी झाली, तर गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांना गाठावे.